लॅनची केबल लांब ओढताना या चुका टाळा

सोसायटीच्या ऑफिसातून गेटवरच्या कॅमेऱ्यापर्यंत लॅनची (नेटवर्कची) केबल ओढली, कॅमेऱ्याला वीजही तिच्यातूनच दिली. दिवसभर चित्र झकास, पण अंधार पडला की कॅमेरा सारखा रीस्टार्ट. अशा वेळी आधी कॅमेरा बदलू नका, केबल मोजा. रात्री कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात, तो जास्त करंट ओढतो आणि लांब केबलमध्ये व्होल्टेज इतकं पडतं की टोकाला पुरत नाही.

तांब्याच्या केबलची मर्यादा १०० मीटर, आणि त्यात सगळंच आलं: पक्की ओढलेली केबल ९० मीटर, दोन्हीकडच्या पॅच कॉर्ड (यंत्राला जोडायच्या छोट्या तयार केबल) मिळून १०. नकाशावर गेट ७० मीटरवर दिसतं. केबल मात्र डक्टमधून उतरते, पार्किंगला वळसा घालते, वर खांबावर चढते. बहुतेक केबलच्या आवरणावर ठरावीक अंतराने मीटरचा आकडा छापलेला असतो. दोन्ही टोकांचे आकडे वजा केले की खरी लांबी कळते.

जॉइनर (दोन केबलची टोकं जोडणारा छोटा सांधा) लावून लांबी वाढवणं हा आपल्याकडचा लाडका उपाय. जॉइनर सिग्नलला नवा जोर देत नाही, उलट एक कच्चा दुवा वाढवतो. मध्ये नेटवर्कचा स्विच (केबल जोडायचा, सिग्नल नव्याने पाठवणारा डबा) ठेवला तर मात्र मोजणी तिथून नव्याने सुरू होते. फक्त त्याला वीज आणि पावसापासून आडोसा हवा.

सगळ्यात महागात पडते ती स्वस्त केबल. खोक्यावर ‘कॅट ६’ (केबलचा दर्जा) लिहिलेलं असतं आणि आत तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम. ब्लेडने तार खरवडा. आत पांढरी चमक दिसली तर परत करा. हिचा रोध तांब्याच्या सुमारे दीडपट, त्यामुळे पॉवरही केबलवरूनच द्यायची असेल तर १०० मीटरचा भरवसा धरू नका. ‘सगळे हीच नेतात’ असं दुकानदार म्हणेल. नेतात, खरंय.

प्रत्येक दोष लांबीचाच असतो असंही नाही. २० मीटरच्या केबलवर १००० ऐवजी १०० एमबीपीएसचा स्पीड दिसला तर आधी क्रिंपिंग (टोकाच्या प्लगमध्ये तारा दाबून बसवणं) तपासा. गिगाबिटला (म्हणजे १००० ला) केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच पुरतात. एखादी तार पिनला टेकली नसली तरी लिंकचा लाइट लागतो. १० गिगाबिटचं गणित वेगळं: कॅट ६ वर फार तर ५५ मीटर, पूर्ण १०० साठी कॅट ६ए.

काही पीओई (केबलवरूनच वीज देणाऱ्या) स्विचवर ‘एक्स्टेंड’चं बटण असतं. ते दाबलं की २५० मीटरपर्यंत चालेल असं सांगतात, पण स्पीड १० एमबीपीएसवर येतो. एका कॅमेऱ्याला चालून जाईल, कॉम्प्युटरला नाही.

दोन इमारतींमध्ये केबल न्यायची असेल तर अंतर कमी असलं तरी फायबरच (प्रकाशाने सिग्नल नेणारी काचेची केबल) टाका. जवळ वीज पडली तर तांब्यातून दोन्हीकडची यंत्रं जळू शकतात. फायबरमधून पॉवर जात नाही, म्हणून पलीकडच्या मीडिया कन्व्हर्टरसाठी (फायबरचा सिग्नल तांब्याच्या केबलवर आणणाऱ्या डब्यासाठी) आणि कॅमेऱ्यासाठी तिथल्या वीजमीटरवरून लाइटचा पॉइंट आधीच काढून ठेवा.