अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम थकते, कार्बनची मार खाते: माउंटन बाइकची फ्रेम कशी तपासावी, कशी जपावी

‘कार्बन नाजूक, अ‍ॅल्युमिनियम दणकट’ हे वाक्य सायकलच्या दुकानात हमखास ऐकू येतं. सांता क्रूझ या सायकल कंपनीने नोमॅड मॉडेलच्या दोन्ही फ्रेम प्रयोगशाळेत मोडेपर्यंत दाबून दाखवल्या होत्या, तेव्हा कार्बनची फ्रेम बराच जास्त भार सोसून मग मोडली. पण यंत्र ठरलेल्या दिशेनं दाबतं. टेकडीवरचा बेसॉल्टचा धारदार तुकडा कुठे आणि कसा लागेल याचा नेम नसतो. त्यामुळे फ्रेमचं आयुष्य वाढवायचं असेल तर ती कशानं निकामी होते ते आधी समजून घ्यावं लागतं, आणि दोन्ही पदार्थांची गत अगदी वेगळी आहे.

अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेम बहुतेक ६०६१ किंवा ७००५ या मिश्रधातूंच्या असतात. ठरावीक मर्यादेखालचा भार कितीही वेळा आला तरी स्टीलला फरक पडत नाही. अ‍ॅल्युमिनियमला अशी मर्यादाच नाही. प्रत्येक धक्का, प्रत्येक पेडल थोडा थोडा हिशोबात जमा होतो. म्हणून नळ्या जाड व्यासाच्या करून ताण कमी ठेवतात. आयएसओ ४२१० मानकाच्या एका चाचणीत माउंटन बाइकच्या फ्रेमला १२०० न्यूटन जोराची पेडलिंग १ लाख वेळा सोसावी लागते. पास झालेली फ्रेम अमर असते असं मात्र नाही.

भेग पडते ती जवळजवळ नेहमी वेल्डच्या कडेला, कारण तिथे आकार एकदम बदलतो आणि वेल्डिंगच्या उष्णतेनं धातूची ताकदही बदललेली असते. पाहायच्या जागा: हेड ट्यूबजवळ (हँडल बसतं ती पुढची आखूड नळी) डाउन ट्यूबची (तिथून पेडलकडे उतरणारी नळी) खालची बाजू, सीट ट्यूबचं (सीटखालची उभी नळी) वरचं टोक आणि तिथली चीर, बॉटम ब्रॅकेटमागचे (पेडलचा आस फिरतो ती जागा) चेनस्टेचे (तिथून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या दोन नळ्या) जोड, मागच्या ब्रेकचं माउंट, आणि फुल सस्पेन्शन (मागच्या चाकालाही शॉक) असेल तर पिव्हटभोवतीचा (फ्रेम सांध्यासारखी हलते ती जागा) भाग. फ्रेम धुऊन कोरडी करा आणि अंधाऱ्या खोलीत टॉर्चचा प्रकाश तिरका टाका. रंगाला गेलेले तडे वेडेवाकडे, जाळीसारखे असतात. धातूची भेग वेल्डला समांतर धावते, आणि पुसूनही काही राइडनंतर त्याच ओळीत काळपट रेघ परत उमटते.

शंका राहिली तर डीपी टेस्ट (डाय पेनेट्रंट, म्हणजे भेगेत शिरणाऱ्या रंगाची चाचणी) करा. भोसरी, सातपूरसारख्या औद्योगिक भागातल्या वर्कशॉपमध्ये त्याचे तीन स्प्रे असतात. संशयित जागेचा रंग काढून क्लीनरनं पुसा, लाल पेनेट्रंट मारून १० ते १५ मिनिटं थांबा, मग क्लीनर लावलेल्या फडक्यानं वरचा रंग पुसा. क्लीनर थेट फ्रेमवर मारलात तर भेगेतलाही रंग निघून जाईल आणि चाचणी फसेल. शेवटी पांढऱ्या डेव्हलपरचा पातळ थर द्या. भेग असेल तर काही मिनिटांत लाल रेघ वर येते.

रेघ आली की त्या फ्रेमवर बसणं बंद. ‘वेल्ड मारून देतो’ म्हणणारा कारागीर गल्लीगल्लीत भेटेल, पण ६०६१ वेल्ड केली की जोडाशेजारचा धातू मऊ पडतो. मूळ ताकद परत आणायची तर पूर्ण फ्रेम सुमारे ५३० अंश सेल्सियसला तापवून, पाण्यात विझवून, पुन्हा साधारण १७५ अंशांवर कित्येक तास ठेवावी लागते आणि वाकली तर सरळ करावी लागते. एवढं कोणी करत नाही. मग टाक्याच्या शेजारीच नवी भेग पडते. नळीला आलेला उथळ, गोलसर पोचा चालतो. पोच्याला तीक्ष्ण घडी असेल तर फ्रेम बाद.

कार्बनचा प्रकार उलटा. कार्बनची फ्रेम म्हणजे रेझिननं एकमेकांना चिकटवलेले कार्बनच्या तंतूंचे थर. नेहमीच्या भारानं तो फारसा थकत नाही. नीट बनवलेली आणि मार न खाल्लेली फ्रेम वर्षानुवर्षं तशीच राहते. तंतूंच्या दिशेनं ओढ आली तर तो जबरदस्त आहे. एका बिंदूवरचा आघात, चिमटा (क्लॅम्पनं जास्त आवळणं) आणि घासणं हे त्याचे तीन शत्रू. आघातानं आतले थर एकमेकांपासून सुटतात आणि वरचा रंग मात्र शाबूत दिसू शकतो. पडल्यावर हँडलबार फिरून टॉप ट्यूबवर (वरची आडवी नळी) आपटलेली जागा, डाउन ट्यूबचं पोट आणि चेन अडकून खरवडलेला चेनस्टे नीट पाहा.

तपासायची रीत मडकं वाजवून घेण्यासारखीच. नाण्याच्या कडेनं दर सेंटीमीटरला हलकं टकटक करा. चांगल्या भागातून खणखणीत आवाज येतो, थर सुटले असतील तिथे बद्द. मात्र नळीची जाडी जागोजाग वेगळी असते आणि आत अ‍ॅल्युमिनियमचे इन्सर्ट (आत बसवलेले तुकडे) असतात, तिथे आवाज आपोआप बदलतो. म्हणून डावा चेनस्टे उजव्याशी ताडून पाहा, एकट्या आवाजावर निकाल देऊ नका. त्याच जागी अंगठ्यानं दाबल्यावर नळी दबली किंवा करकर वाजली, किंवा कापूस फिरवल्यावर त्याचे धागे अडकले, तर दुरुस्ती लागणार. ती शक्य असते: खराब भाग उतरता घासून, त्याच दिशेनं नवे थर लावून, दाबाखाली पक्के करतात. नळीच्या मधल्या भागात हे छान होतं. हेड ट्यूब, पिव्हट आणि बॉटम ब्रॅकेट यांच्या आसपास मात्र आम्ही दुरुस्तीच्या भानगडीत पडू नका असंच सांगू.

चिमट्यानं जाणाऱ्या फ्रेमचं दुःख जास्त, कारण ते सहज टळतं. सीट क्लॅम्पवर (सीटपोस्ट, म्हणजे सीटचा दांडा, आवळणारी कडी) साधारण ५ न्यूटन-मीटर लिहिलेलं असतं, म्हणजे किती जोरानं आवळायचं ते. तेवढाच जोर मोजून आवळणारा टॉर्क रेंच नसेल तर कार्बन घेऊच नका. सीटपोस्ट सरकत असेल तर जोर वाढवू नका, ग्रीस पूर्ण पुसून कार्बन पेस्ट (पकड वाढवणारा खरखरीत लेप) लावा आणि ४ पासून सुरुवात करा. अ‍ॅल्युमिनियमची पोस्ट अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेममध्ये असेल तर ग्रीसच हवं. दोन्हींत पोस्टचं खालचं टोक टॉप ट्यूबच्या जोडाखाली गेलेलं असावं. वर्क स्टँडचा जबडा नेहमी सीटपोस्टवर. एसटीच्या टपावर सायकल बांधायची झाली तर दोर चाकांतून आणि सीटपोस्टवरून घ्या, टॉप ट्यूबवर आवळू नका.

पावसाळ्यात टायर आणि चेनस्टेमध्ये अडकलेला चिखल सँडपेपरचं काम करतो, एका लांब राइडमध्ये कार्बनमध्ये खोबण पडू शकते. तिथे, केबल घासते तिथे आणि डाउन ट्यूबच्या खाली जाड पारदर्शक पॉलियुरेथेन टेप लावा. चेनस्टेवर टायरची जुनी रबरी ट्यूब गुंडाळायची पद्धत स्वस्त आहे, पण तिच्याखाली वाळू आणि पाणी साचतं. अधूनमधून सोडून धुवा.

कोकणात किंवा गोव्यात राहणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. खाऱ्या दमटपणात कार्बनला चिकटलेलं अ‍ॅल्युमिनियम झपाट्यानं गंजतं. झळ धातूला लागते: बाटलीच्या स्टँडचे इन्सर्ट सैल होऊन फिरायला लागतात, त्यांच्याभोवती रंग फुगतो, पांढरी भुकटी दिसते. अ‍ॅल्युमिनियमची सीटपोस्ट कार्बन फ्रेममध्ये कायमची चिकटते. पावसाळ्यात महिन्यातून एकदा, एरवी दोन-तीन महिन्यांनी ती काढा, पुसा, नवी पेस्ट लावा.

करकर आवाज आला म्हणून लगेच घाबरू नका. आधी सीटपोस्ट, बॉटम ब्रॅकेट, हेडसेट (हेड ट्यूबमधली बेअरिंग) आणि पिव्हट साफ करून ठरलेल्या टॉर्कला घट्ट करा. तरी आवाज राहिला तर भेग शोधा.

बजेट ठरलेलं असेल तर अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम घेऊन उरलेले पैसे फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) आणि ब्रेकवर घालणं आम्हाला पटतं. जुनी सायकल घेताना हेच मत आणखी पक्कं होतं: अ‍ॅल्युमिनियमची भेग बहुधा डोळ्यांना दिसते, कार्बननं खाल्लेला मार विकणारा सांगेलच असं नाही आणि फ्रेमची वॉरंटी बहुतेकदा पहिल्या मालकापुरतीच असते. कार्बनची जुनी फ्रेम घ्यायचीच असेल तर सगळे स्टिकर आणि संरक्षक टेप काढून दाखवायला सांगा.

बाद झालेली अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम भंगारवाला वजनावर घेतो. कार्बनची घेत नाही, आणि तशीच दिली तर कोणीतरी रंग मारून पुन्हा विकतो, म्हणून हेड ट्यूबमागे करवतीनं दोन तुकडे करून टाका. कापताना मास्क आणि हातमोजे घाला, वर पाणी मारत राहा. ती धूळ छातीत जाऊ देऊ नका.