पर्यावरण आणि समाजावर बोलायला उभं राहण्याआधी

विद्यापीठात पर्यावरण, शाश्वतता आणि समाज यांवरच्या संशोधनाचं व्याख्यान ठरलं की बहुतेक जण लगेच स्लाइड करायला बसतात. त्याआधी आयोजकांना विचारून घ्या, समोर कोण बसणार आहे. या विषयाला रसायनशास्त्राचे विद्यार्थी येतात, कायदा शिकवणारे येतात, समाजशास्त्राचेही येतात, आणि एकच शब्द तिघांना वेगळा ऐकू येतो. ‘जोखीम’ म्हटलं की अभियंत्याच्या मनात शक्यता येते. समाजशास्त्रज्ञ विचारतो, ती कोणाच्या वाट्याला आली? ‘शाश्वत’चंही तसंच. १९८७मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलँड आयोगाने पुढच्या पिढ्यांच्या गरजांना धक्का न लावता आजच्या गरजा भागवणं असा अर्थ दिला. तुम्हाला तोच अभिप्रेत आहे का, हे पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाका.

मग आपलं म्हणणं एका वाक्यात कागदावर लिहा. त्या वाक्याच्या कामी न येणारी स्लाइड काढा, कितीही मेहनतीची असली तरी.

सगळ्यात जास्त वेळ आलेखांना द्या. हवाई बेटांवरच्या मौना लोआ या ज्वालामुखीवर १९५८पासून मोजलेल्या कार्बन डायऑक्साइडचा आलेख घ्या. आधी एकाच वर्षाचा तुकडा दाखवा: रेघ मे महिन्यापर्यंत वर जाते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत खाली येते, कारण उत्तर गोलार्धातली झाडंझुडपं वाढीच्या काळात हा वायू शोषून घेतात. लोकांना रेघेचे ते करवतीसारखे दात दिसले की पूर्ण आलेख उघडा: दशलक्ष भागांमागे सुमारे ३१५ वरून ४२०च्या पुढे. आता चढण आपोआप जाणवते. अक्षांवर काय आहे, हे तोंडाने सांगा. लाल आणि हिरव्यावरच फरक टांगू नका; तो न दिसणारे लोक श्रोत्यांत असू शकतात. पृथ्वीच्या तापमानवाढीबद्दल ‘१.५ अंश’ म्हणताना कशाच्या तुलनेत तेही बोला. सहसा १८५० ते १९०० हा काळ धरतात.

यानंतरची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. मुलाखती घेतल्या असतील तर संमतीपत्र पुन्हा वाचा. संशोधनासाठी दिलेली परवानगी म्हणजे चेहरा पडद्यावर दाखवायची परवानगी नव्हे, आणि व्याख्यानाचं रेकॉर्डिंग होणार असेल तर नव्हेच. दुर्मीळ प्रजातींच्या नकाशावरून नेमकी जागा पुसा. शिकाऱ्यालाही तो नकाशा वाचता येतो.

पेनड्राइव्हवर पीडीएफ, माइकची चाचणी, पाणी ही कामं आदल्या दिवशी उरकता येतात. उभं राहून, मोठ्याने, घड्याळ लावून एकदा तरी बोला, आणि वेळ कमी पडला तर कोणत्या दोन स्लाइड गाळायच्या ते आधीच ठरवा.

प्रश्नांचीही तयारी हवी. सामाईक कुरणं, पाणी, मासेमारी हा विषय असेल तर पर्यावरणशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांचं नाव येणारच: १९६८मध्ये त्यांनी मांडलं की सगळ्यांचं असलेलं शेवटी उजाड होतं. राज्यशास्त्राच्या अभ्यासक एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी मात्र स्वतःच नियम करून अशा गोष्टी टिकवणाऱ्या समूहांचा अभ्यास केला. त्यांना २००९मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आपली माहिती या दोघांत कुठे बसते, हे दोन वाक्यांत सांगता यायला हवं. ‘मग आम्ही काय करायचं?’ असंही कोणीतरी विचारेल. त्याचं उत्तर लिहून ठेवा, आणि ते आपल्या आकडेवारीच्या पलीकडे जात असेल तर तेवढा भाग आपलं मत म्हणून वेगळा सांगा.