शासकीय वेबसाइट सुगम्य करताना या चुका टाळा

‘आमच्या साइटवर अक्षरं लहान-मोठी करणारं अ+ अ- आहे, रंग बदलायचं बटण आहे, म्हणजे सुगम्यतेचं (दिव्यांगांनाही साइट वापरता येण्याचं) काम झालं’ हा गैरसमज बऱ्याच कार्यालयांत पक्का बसलाय. बटणं असू द्यात, पण अंध नागरिक स्वतःचा स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारं सॉफ्टवेअर) घेऊनच येतो: संगणकावर एनव्हीडीए, फोनवर टॉकबॅक. त्याचं घोडं अडतं ते आपण चढवलेल्या पीडीएफपाशी.

सही-शिक्क्याची प्रत स्कॅन करून टाकली की तो नुसता कागदाचा फोटो. स्क्रीन रीडरला त्यात एक अक्षर सापडत नाही. मूळ वर्ड फाइल लिपिकाकडे असतेच. तिची ‘सेव्ह अ‍ॅज’मधून पीडीएफ करा (‘प्रिंट’मधून केली तर शीर्षकांच्या खुणा जातात) आणि डिजिटल सही घ्या.

याहून फसवं प्रकरण जुन्या फाँटचं. मजकूर छान दिसतो, निवडताही येतो, पण टाइप केलेला असतो कृतिदेवमध्ये. तिथे ‘महा’ म्हणजे संगणकाच्या लेखी रोमन ई, जी, के. स्क्रीन रीडर तेच वाचणार. एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका. रोमन कचरा उमटला तर फाइल युनिकोडमध्ये (प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा ठरलेला कोड देणाऱ्या पद्धतीत) बदला आणि रफार, जोडाक्षरं डोळ्यांखालून घाला. कन्व्हर्टर नेमके तिथेच माती खातात.

मराठी पानाच्या कोडमध्ये भाषा ‘इंग्रजी’च राहिली असेल तर तीही बदला, नाहीतर वाचायला इंग्रजी आवाज येतो. ‘येथे क्लिक करा’ टाळा. लिंकलाच ‘घरपट्टी सवलत अर्ज’ म्हणा. फक्त चित्रातला कॅप्चा नको. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरंही नकोत. साध्या मजकुराला किमान 4.5:1 कॉन्ट्रास्ट (अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक) लागतो.

‘सुगम्यतेची ही मार्गदर्शक तत्त्वंच तर आहेत’ ही पळवाट आता चालायची नाही. दिव्यांग हक्क कायदा 2016चा. त्याखालचा सुगम्यतेच्या मानकांचा नियम 15(1) बंधनकारक नाही, म्हणून सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर 2024मध्ये राजीव रतुरी प्रकरणात तो कायद्याशी विसंगत ठरवला. एप्रिल 2025मध्ये डिजिटल सेवा मिळणं हा राज्यघटनेच्या कलम 21खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचंही सांगितलं. दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 89खाली पहिल्या उल्लंघनाला 10 हजारांपर्यंत दंड आहे, पुढच्या प्रत्येकाला 50 हजार ते 5 लाख.

म्हणून निविदेत ‘साइट सुगम्य असावी’ एवढ्यावर भागवू नका. जीआयजीडब्ल्यू 3.0 (सरकारी वेबसाइटसाठीची भारत सरकारची मार्गदर्शक तत्त्वं), डब्ल्यूसीएजी 2.1 एए (वेब सुगम्यतेचं आंतरराष्ट्रीय मानक), आयएस 17802 (भारतीय मानक) ही नावं घाला. आणि कंत्राटदाराचं शेवटचं बिल काढण्याआधी माऊस बाजूला ठेवून, फक्त टॅब आणि एंटरवर एक अर्ज पूर्ण भरून बघा.