जुन्या विद्यापीठाचं बजेट आणि तूट कशी वाचायची

आपल्या बडोद्यात जुन्या शिक्षणसंस्थांवर काम करणारी बरीच मुलं आहेत, कोणी एमए करतंय, कोणी पीएचडी, आणि अहवाल हातात आला की बहुतेक जण शेवटचं पान उघडून तुटीचा आकडा उतरवून घेतात आणि वही बंद. असं करू नका प्लीज. तूट किती यापेक्षा ती कुठल्या पैशातून भरली ते बघा, खरी गोष्ट तिथे असते.

आधी आकडे नीट वाचायला शिका. १६ आण्यांचा रुपया, १२ पैंचा आणा. वहीत ५-१२-६ असेल तर एक्सेलमध्ये ५.१२६ टाकायचं नाही, १२ आणे ६ पै म्हणजे १५० पै, त्याला १९२ ने भागायचं, म्हणजे ५.७८. एका संस्थेच्या जुन्या वहीची दोन वर्षं मी चुकीची भरली होती, बेरीज काही केल्या जुळेना, मग पान उजेडात धरून पाहिलं तर प्रत्येक रकान्याखाली कारकुनाने हातचे बारीक पेन्सिलीने लिहून ठेवलेले, आणि त्याची बेरीज पै न् पै बरोबर होती. १९०० च्या आधीची बडोद्याची वही असेल तर रुपया बाबाशाही (बडोदा संस्थानाचा स्वतःचा) की कलदार (इंग्रज सरकारचा) हेही बघा. वर्ष कुठून कुठे धरलंय तेही, कारण इंग्रज सरकारचं एप्रिल ते मार्च असलं तरी सगळ्यांचं तसं नव्हतं.

आता मुख्य काम. जमेच्या बाजूचे चार रकाने करा: दरवर्षी नक्की येणारं (फी, व्याज), लोकांकडून मागून आणलेलं, अटी घालून मिळालेलं (इमारत, स्कॉलरशिप वगैरे), आणि उसनं. मग खर्चातले पगार घ्या आणि ते कुठल्या रकान्यातून निघतात ते शोधा. पगार तिसऱ्या किंवा चौथ्या रकान्यातून जात असतील तर अहवालात शिल्लक दाखवली असली तरी ती तूटच आहे. 'येणे वर्गणी' दिसली तर थांबा, ते पैसे अजून आलेले नसतात, नुसतं कबूल केलेलं असतं.

महर्षी कर्व्यांचं महिला विद्यापीठ घ्या, १९१६ ला पुण्यात सुरू झालं. कायद्याने विद्यापीठ म्हणून मान्यता १९५१ ला मिळाली, म्हणजे एवढी वर्षं भिस्त मुख्यतः दुसऱ्या रकान्यावर, गावोगाव फिरून मागितलेल्या पैशावर. १९२० मध्ये विठ्ठलदास ठाकरसींनी १५ लाखांची देणगी दिली आणि त्यांच्या आईचं नाव विद्यापीठाला लागलं. वाचणाऱ्याला वाटतं, चला, सुटले! पण हातात येणार होते वर्षाला ५२,५०० रुपये, म्हणजे १५ लाखांवर साडेतीन टक्के, महिन्याला ४,३७५. त्यातच सगळं बसवायचं. मुद्दल एकीकडे आणि चालू खर्च एकीकडे, हे वेगळं मांडलंत तरच लाखांची देणगी असूनही ओढाताण का असते ते कळतं. देणगीला अटीही होत्या, कार्यालय मुंबईला न्यायचं ही त्यातली एक, ते १९३६ ला गेलं.

अजून एक गोष्ट जमेत कधीच लिहिलेली नसते, ती म्हणजे शिक्षकांनी सोडलेला पगार. फर्ग्युसनमध्ये गोखल्यांसारखे आजीव सभासद (संस्थेला वाहून घेतलेले शिक्षक) महिना ७५ रुपयांवर शिकवत होते. तेवढ्याच शिक्षणाच्या माणसाला त्या काळी सरकारी कॉलेजात काय मिळायचं ते काढा, फरक गुणिले माणसं गुणिले १२ करा आणि तो आकडा स्वतःच्या तक्त्यात देणगी म्हणून लिहा. मला तरी ही सगळ्यात मोठी देणगी वाटते आणि तिची पाटी कुठल्याच भिंतीवर नसते.

आपल्या बडोदा कॉलेजचं उलटं. १८८१ चं कॉलेज, मुंबई विद्यापीठाला जोडलेलं, खर्च दरबारच्या खजिन्यातून. तिथे तूट शोधत बसाल तर सापडणार नाही, कारण कमी पडलं ते संस्थानाने भरलं. त्यासाठी संस्थानाच्या वार्षिक अहवालातलं शिक्षणखात्याचं प्रकरण काढा आणि दोनतीन वर्षं शेजारी ठेवून बघा. १९४९ ला इथे स्वतःचं विद्यापीठ झालं तेव्हा पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहता, आणि त्याआधी त्या कर्व्यांच्याच विद्यापीठाच्या कुलगुरू होत्या, म्हणून ही दोन्ही विद्यापीठं जोडीने अभ्यासायला मजा येते.

शेवटी एक चेक कराच. गेल्या वर्षाची अखेरची शिल्लक आणि पुढच्या वर्षाची आरंभीची शिल्लक जुळते का बघा. नाही जुळली तर हिशेबतपासनीसाचा शेरा शोधा, बहुतेक वेळा छोट्या अक्षरात खाली असतो.