पावती म्हणजे परवाना नव्हे : हातगाडीवाल्यांनो, टॅक्सीवाल्यांनो, या चुका टाळा

मी गेली काही वर्षं पथारीवाल्यांचे अर्ज लिहून देतो. समोर बसलेला माणूस पिशवीतून कागद काढतो आणि त्यात बहुतेक वेळा एकच गोष्ट असते : रबरबँड लावलेल्या पावत्यांचा गठ्ठा. "रोज पैसे भरतो साहेब, मग माझी गाडी उचललीच कशी?" हा प्रश्न ऐकला की वाईट वाटतं, कारण पैसे त्याने खरोखरच भरलेले असतात.

पालिका रोजची पावती फाडते ती त्या दिवसाचे पैसे मिळाले म्हणून. जागेवर बसून धंदा करण्याचा हक्क देणारा कागद वेगळा आहे, त्याचं नाव पथविक्री प्रमाणपत्र. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याखाली सर्वेक्षण होतं, त्यात नाव लागलं की नगर पथविक्रेता समितीमार्फत ते मिळतं. असाच गोंधळ पीएम स्वनिधी कर्जाचा. २०२० साली ही योजना आली, पहिलं कर्ज तेव्हा १० हजारांचं होतं. सर्वेक्षणात राहून गेलेल्यांना त्यासाठी पालिकेचं शिफारसपत्र मिळायचं. ते पत्र बँकेसाठी होतं. लॅमिनेट करून गाडीवर टांगलं म्हणून ते प्रमाणपत्र होत नाही.

तरी पावत्या फेकू नका. दंडाची पावतीसुद्धा जपा. तुम्ही अमुक साली अमुक जागी धंदा करत होतात, हे दाखवायला गरिबाकडे दुसरं काय असतं?

सर्वेक्षणाच्या दिवशी जागेवर नसणं ही दुसरी चूक, आणि ती फार महागात पडते. कायदा म्हणतो, दर पाच वर्षांतून किमान एकदा सर्वेक्षण करा. म्हणजे एकदा गावी गेलात आणि नाव सुटलं, तर पुढची संधी कधी येईल याचा भरवसा नाही. पण म्हणून हात टेकू नका. दोन सर्वेक्षणांच्या मधल्या काळातही समितीकडे प्रमाणपत्र मागता येतं; त्या भागात जागा शिल्लक असेल तर ते देण्याची मुभा कायद्यात आहे. आणखी एक गोष्ट मी प्रत्येकाला सांगतो : सर्वेक्षण पूर्ण होऊन सगळ्यांना प्रमाणपत्रं मिळेपर्यंत जुन्या विक्रेत्याला उठवता येत नाही, असं कायद्याच्या कलम ३ मध्येच लिहिलं आहे. तुमच्या शहरात ते काम अर्धवट पडलं असेल, तर अर्जात पहिलं वाक्य हेच लिहा. मात्र रेल्वेच्या हद्दीत हा कायदा लागूच नाही. स्टेशनच्या जिन्यावर बसून त्याचा आधार मागू नका.

अतिक्रमणाची गाडी आली की

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. माणूस घाबरतो, मालामागे धावतो, हातापाया पडतो किंवा भांडतो. गाडी निघून जाते आणि हातात काहीच उरत नाही.

नियम असा आहे. उठवायचं तर आधी ३० दिवसांची नोटीस. नोटिशीची मुदत संपूनही जागा सोडली नाही, तर माल जप्त करता येतो. पण जप्त केलेल्या मालाची यादी करून, अधिकाऱ्याच्या सहीची प्रत विक्रेत्याला द्यावी लागते. ती यादी तिथल्या तिथे मागा. देत नसतील तर शेजारच्याला व्हिडिओ काढायला सांगा, आणि वजन, नग, तराजू, स्टोव्ह सगळं त्याच दिवशी स्वतः लिहून काढा. रात्री आठवून लिहिलेल्या यादीत निम्मं सुटतं.

मग खरी मेख. नाशिवंत माल, म्हणजे भाजी, फळं, मासळी, फुलं, त्याच दिवशी परत द्यायचा आणि बाकीचा कामाच्या दोन दिवसांत, हे बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. पण ही मुदत माल उचलल्यापासून धरत नाहीत, तुम्ही मागणी केल्यापासून धरतात. माझ्या ओळखीच्या एका भाजीवाल्या मावशी तीन दिवस गोडाऊनच्या दारात जाऊन उभ्या राहत होत्या. तोंडी विनवण्या केल्या, लेखी अर्ज दिला नाही. मेथी, कोथिंबीर सगळी सडली, आणि कागदावर त्यांनी माल मागितल्याची नोंदच नव्हती. त्यांचं चुकलं असं मला आजही म्हणवत नाही. हे त्यांना सांगणारं कुणी नव्हतं. तुम्ही मात्र चार ओळींचा अर्ज करा, आवक-जावक खिडकीवर द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेचा शिक्का घ्या. ठरलेलं शुल्क भरावं लागेल, त्याचीही पावती मागा.

प्रमाणपत्र मिळाल्यावर ते भाड्याने देणं, ही चूक मला सगळ्यात जास्त खुपते. धंदा स्वतः किंवा घरच्या माणसाने करायचा, जागा कुणाला भाड्याने द्यायची नाही, असं तुम्ही लिहून दिलेलं असतं. महिन्याला चार पैसे घरबसल्या मिळतात खरे, पण तक्रार झाली की प्रमाणपत्र रद्द होऊ शकतं आणि भाडेकरूही रस्त्यावर येतो. रद्द करण्याआधी तुमचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. ती सुनावणी चुकवू नका. मूळ विक्रेता आजारी पडला किंवा वारला, तर मुदत संपेपर्यंत आधी नवरा किंवा बायको आणि नंतर अवलंबून असलेलं मूल तिथे बसू शकतं. मग भाड्याचा आडमार्ग कशाला?

टॅक्सीवाल्यांसाठी

आपल्याकडे टॅक्सीचा परमिट महापालिका देत नाही, तो परिवहन खात्याचा विषय. वॉर्ड ऑफिसात खेटे घालू नका, आरटीओत जा. परमिट साधारण पाच वर्षांचा असतो आणि नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या किमान १५ दिवस आधी द्यावा लागतो. शेवटच्या दिवशी गेलं तरी चालतं असं समजणारे पुढे उशिराची कारणं देत बसतात. मुंबईत १ फेब्रुवारी २०२५ पासून किमान भाडं २८ वरून ३१ रुपये झालं, तशी भाडेवाढ झाली की मीटर नव्या दराला लावून तपासून घ्या.

परमिटधारक वारला की घरचे बहुधा गाडी तशीच चालवत राहतात. गाडी ज्याच्या ताब्यात येते, त्याला तीन महिने परमिट वापरता येतो, पण मृत्यूची खबर ३० दिवसांच्या आत परिवहन प्राधिकरणाला द्यावी लागते आणि परमिट नावावर करायचा अर्ज तीन महिन्यांत करावा लागतो. दहाव्या-तेराव्याच्या धावपळीत हे दिवस निघून जातात. मृत्यूच्या दाखल्याच्या दोन प्रती जास्त काढा. तुम्हाला जमत नसेल तर युनियनच्या माणसाच्या हाती अर्ज द्या, पण संध्याकाळी त्याच्याकडून शिक्का मारलेली पोच मागून घ्या.