पु. ल. देशपांडे समजून घ्यायचे असतील, तर सुरुवात पेटीपासून करावी

पु. ल. देशपांडे यांच्या आयुष्याचा आणि कलाप्रवासाचा नीट अभ्यास करावा असे ज्यांना वाटते, ते बहुधा 'व्यक्ती आणि वल्ली' हातात घेतात, मग 'बटाट्याची चाळ' वाचतात, आणि त्यानंतर कुठेतरी 'ते पेटीही उत्तम वाजवीत' एवढ्या एका वाक्यात त्यांच्यातल्या संगीतकाराची बोळवण करतात. हा क्रम उलटा करावा, असे मला मनापासून वाटते. पु. लं.चा विनोद आधी कानात तयार झाला आणि नंतर कागदावर उतरला. ज्याने त्यांच्या चाली ऐकल्या आहेत त्याला त्यांच्या वाक्यांची लय लवकर सापडते, म्हणून पुढे सुचवलेला मार्ग गाण्यापासून सुरू होतो आणि हसण्याकडे जातो.

प्रथम एका कोऱ्या कागदावर कालरेषा आखून घ्यावी, कारण पु. लं.च्या बाबतीत एकाच माणसाने इतकी कामे केली आहेत की ती एकमेकांत मिसळून जातात. जन्म ८ नोव्हेंबर १९१९, मुंबई. बालपण जोगेश्वरी आणि पार्ले येथे, शाळा पार्ले टिळक विद्यालय. आजोबा वामन मंगेश दुभाषी हे 'ऋग्वेदी' या नावाने लिहिणारे विद्वान होते. घरात शब्दांचा आणि सुरांचा वावर होता. १२ जून १९४६ रोजी सुनीता ठाकूर यांच्याशी विवाह. १९४७ च्या 'कुबेर'पासून १९५३ पर्यंत चित्रपटसृष्टी, १९५५ पासून आकाशवाणी, १९५७ मध्ये 'तुझे आहे तुजपाशी', १९६० च्या दशकात एकपात्री प्रयोग, १९६५ मध्ये 'व्यक्ती आणि वल्ली'ला साहित्य अकादमी पुरस्कार, १९७४ मध्ये इचलकरंजीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद, आणि १२ जून २००० रोजी, लग्नाच्या वाढदिवशीच, पुण्यात निधन. एवढ्या नोंदी पुरेशा आहेत. पुरस्कारांची लांबलचक यादी करण्यात वेळ घालवू नये.

आता गाणी घ्यावीत आणि ती शक्यतो एका बैठकीत ऐकावीत. 'देव पावला' (१९५०) या चित्रपटातले माणिक वर्मा यांनी गायिलेले 'कबिराचे विणतो शेले', 'देवबाप्पा' (१९५३) मधले आशा भोसले यांचे 'नाच रे मोरा', 'गुळाचा गणपती' (१९५३) मधले भीमसेन जोशी यांचे 'इंद्रायणी काठी' ही तिन्ही गीते ग. दि. माडगूळकरांची आहेत आणि तिन्हींची चाल पु. लं.ची आहे. पहिल्यांदा नुसते ऐकावे. दुसऱ्यांदा ऐकताना गीताचे शब्द समोर ठेवावेत आणि बोलताना आपण त्या शब्दातल्या ज्या अक्षरावर जोर देतो, चालीतही तिथेच वजन पडते का, एवढेच पाहावे. 'नाच रे मोरा' मध्ये हे सर्वांत सोपेपणाने कळते. लहान मूल ते शब्द न शिकवताही ज्या ठेक्यात म्हणेल, जवळपास त्याच ठेक्यात ते गाणे बांधलेले आहे, आणि म्हणूनच सत्तर वर्षांनंतरही ते बालवाड्यांतून म्हटले जाते. 'इंद्रायणी काठी' मध्ये मात्र संगीतकार बाजूला सरकतो आणि गायकाला जागा मोकळी करून देतो. भीमसेनजी तेव्हा अवघे तिशी ओलांडलेले होते. समोरच्या कलावंताचा गळा ओळखून त्याला साजेल तेवढेच बांधायचे आणि बाकीचे त्याच्यावर सोपवायचे, हा गुण ज्याच्याकडे आहे तो माणूस पुढे रंगमंचावर प्रेक्षकांचा श्वास ओळखणार, यात नवल ते काय?

यानंतर 'गुळाचा गणपती' संपूर्ण पाहावा. कथा, पटकथा, संवाद, संगीत, दिग्दर्शन आणि प्रमुख भूमिका या सर्वच बाजू पु. लं.नी सांभाळल्या, म्हणून त्या चित्रपटाचे वर्णन 'सबकुछ पु. ल.' असे केले जाते. पाहताना कथेच्या ओघात वाहून न जाता भोळ्या नायकाच्या हालचालींकडे लक्ष द्यावे. तो चालतो, थबकतो, वळून बघतो, आणि या प्रत्येक क्रियेत एक ताल आहे. आजच्या डोळ्यांना चित्रपटाचे तंत्र जुने वाटेल, काही प्रसंग लांबलेलेही वाटतील; तरीही नट आणि संगीतकार एकाच देहात काम करताना पाहण्याची अशी संधी मराठीत फार थोडी आहे. या चित्रपटानंतर ते चित्रपटव्यवसायातून जवळजवळ बाहेरच पडले, हे कालरेषेवर ठळक करून ठेवावे, कारण त्यांच्या कारकिर्दीचा खरा सांधा तिथे आहे.

आकाशवाणीचा काळ अभ्यासक घाईने ओलांडतात. तसे करू नये. रेडिओवर चेहरा नसतो, हातवारे नसतात, जे काही सांगायचे ते आवाजानेच सांगावे लागते. मंगेश पाडगावकरांच्या 'बिल्हण' या संगीतिकेला पु. लं.नी दिलेल्या चालींपैकी 'शब्दावाचून कळले सारे' आणि 'माझे जीवन गाणे' ही जितेंद्र अभिषेकींनी गायिलेली गीते याच माध्यमासाठी तयार झाली. गोव्यातील मंगेशीहून आलेले अभिषेकीबुवा त्या सुमारास मुंबई आकाशवाणीत काम करीत होते. ही दोन्ही गाणी ऐकताना शब्दांमधल्या थांब्यांवर लक्ष ठेवावे. त्या थांब्यांची लांबी एकदा कानात बसली, की पुढच्या टप्प्यावर तीच लांबी विनोदात पुन्हा भेटते.

तो पुढचा टप्पा म्हणजे ध्वनिमुद्रित कथाकथने आणि एकपात्री प्रयोग. या ठिकाणी घाई करू नये. एक महिना दिला तरी तो वाया जाणार नाही. मी स्वतः अनेक वर्षे पुस्तक उघडे ठेवून ही ध्वनिमुद्रणे ऐकत आलो आणि त्यामुळे छापील शब्द आणि उच्चारलेला शब्द यांतले अंतर मला बराच काळ लक्षातच आले नाही. म्हणून पहिल्या वेळी पुस्तक बंद ठेवावे. 'म्हैस' पासून सुरुवात करावी. एसटीच्या गाडीखाली म्हैस येते आणि गाडी थांबते, एवढाच प्रसंग. पण त्या गाडीत जेवढी माणसे आहेत तेवढ्या आवाजाच्या पट्ट्या आहेत. एका वहीत प्रत्येक पात्रासाठी एक ओळ आखावी आणि त्यापुढे तीन गोष्टी लिहाव्यात: त्याचा आवाज कोणत्या पट्टीत लागतो, तो किती वेगाने बोलतो, आणि वाक्याचा शेवट तो वर नेतो की खाली आणतो. दुसऱ्यांदा ऐकल्यावर असे दिसेल की दोन पात्रे लागोपाठ बोलत असतील तर त्यांच्या पट्ट्या क्वचितच एक असतात. पेटीवर ज्याचा हात बसला आहे त्यालाच हे इतके सहज जमते, अशी माझी धारणा आहे.

यानंतर 'अंतू बर्वा' आणि 'रावसाहेब' एकापाठोपाठ ऐकावेत. रत्नागिरीच्या अंतूशेटची अनुनासिक, तिरकस कोकणी ढब आणि बेळगावच्या रावसाहेबांची कानडी वळणाची मराठी या दोन भाषांत अक्षरे तीच आहेत, स्वराघात मात्र निराळे आहेत. नक्कल करणारे पुष्कळ असतात आणि त्यांच्या नकलेतून त्या त्या प्रांताची टिंगल ऐकू येते. पु. ल. त्या माणसाची चाल पकडतात. त्यामुळे ज्याची ढब उचलली आहे त्या प्रांतातला श्रोताही आपलेपणाने हसतो. रावसाहेब हे संगीत आणि नाटकाचे दर्दी होते, ही गोष्ट त्या लेखात फार महत्त्वाची आहे. तो लेख हसवत हसवत ज्या ठिकाणी जाऊन पोहोचतो, तिथे लेखक आणि रावसाहेब यांना जोडणारा धागा सुरांचाच असतो.

ऐकताना हशा कुठे येतो याची वेळ घड्याळाने मोजून पाहण्यासारखी आहे. वाक्यातला नेमका शब्द पु. ल. शेवटी ठेवतात, त्याच्या आधी किंचित थांबतात, आणि तो शब्द समेसारखा, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेसारखा, टाकतात. हशा पिकल्यावर पुढचे वाक्य हशा संपण्याची वाट न पाहता, तो ओसरू लागताच उचलतात. तबलजीने समेवर येऊन पुढचे आवर्तन सुरू करावे तसे. ही तुलना केवळ शोभेची वाटू नये, म्हणून तेच पान घरी मोठ्याने वाचून पाहावे आणि थांबा दुप्पट करावा किंवा गाळून टाकावा. विनोद तिथल्या तिथे विझतो.

आता छापील संहिता समोर घ्यावी. इथे एक सावधगिरी आवश्यक आहे. पु. लं.च्या नावावर आज मोबाइलवरून असंख्य कोट्या आणि किस्से फिरत असतात आणि त्यांतले पुष्कळ कोणत्याच पुस्तकात किंवा ध्वनिमुद्रणात सापडत नाहीत. लेख, भाषण किंवा निवेदन तयार करणाऱ्याने जे स्वतः छापलेले पाहिले किंवा त्यांच्या आवाजात ऐकले तेवढेच वापरावे. ज्या माणसाने शब्दांची इतकी काळजी घेतली, त्याच्या तोंडी दुसऱ्याचे शब्द घालणे मला अन्यायाचे वाटते.

नाटकांपैकी तीन या दृष्टीने वाचावीत. 'तुझे आहे तुजपाशी' मधले इंदूरचे काकाजी हे मैफिलीच्या संस्कृतीत वाढलेले रसिक आहेत. 'ती फुलराणी' हे जॉर्ज बर्नार्ड शॉ यांच्या 'पिग्मॅलियन' या इंग्रजी नाटकाचे रूपांतर असून त्याचा विषयच उच्चार हा आहे; भक्ती बर्वे यांनी ती भूमिका गाजवली. 'तीन पैशाचा तमाशा' हे तर जर्मन नाटककार ब्रेख्तच्या संगीतप्रधान नाटकाचे मराठी रूप, जब्बार पटेल यांनी थिएटर अकॅडमीसाठी १९७८ मध्ये रंगमंचावर आणलेले. परक्या भाषांतून रूपांतरासाठी नाटके निवडतानाही त्यांचा कान कुठे वळत होता, हे यावरून दिसते.

सुनीताबाईंचे काम वेगळे नोंदवावे. 'वाऱ्यावरची वरात' मध्ये त्या रंगमंचावर होत्याच, शिवाय प्रयोगांची शिस्त आणि व्यवहार यांचा मोठा भार त्यांनी उचलला. त्यांचे 'आहे मनोहर तरी' हे आत्मकथन वाचल्याशिवाय पु. लं.चे चरित्र लिहायला बसू नये. उत्तरायुष्यात दोघांनी मिळून बा. भ. बोरकरांच्या कवितांचे वाचन केले, ते अवश्य ऐकावे. गोव्याच्या या कवीची नादमय कविता वाचताना पु. ल. चाल लावत नाहीत, तरीही ऐकणाऱ्याच्या मनात चाल उमटत राहते.

सर्वांत शेवटी 'बटाट्याची चाळ' पाहावी किंवा ऐकावी. रंगमंचावर एकच माणूस आणि त्याच्या आवाजात अख्खी चाळ. 'उपास' आणि 'भ्रमणमंडळ' हे भाग हसत हसत पार पडतील. मग 'चिंतन' येते. इथे वही बाजूला ठेवावी. वेग हळूहळू उतरतो, आवाज खालच्या सप्तकात येतो, थांबे लांबतात, आणि मघापर्यंत हसणारे सभागृह शांत होते. द्रुत म्हणजे जलद लयीतून विलंबित म्हणजे संथ लयीत जाण्याचे धाडस गवई सहसा करीत नाहीत. पु. लं.नी ते चाळीच्या निरोपासाठी केले आहे.