अंगणातल्या ब्लॉकवरची जादा वाळू कशी काढावी

साताऱ्यात आमच्या घरापुढचं अंगण 22 बाय 18 फुटांचं आहे. जुनी शहाबादी फरशी उखडली होती, म्हणून गेल्या वर्षी जानेवारीच्या शेवटी तिथे लाल आणि करडे पेव्हर ब्लॉक घालून घेतले. काम आटोपून मिस्त्री निघाले तेव्हा सगळ्या अंगणावर क्रश सँडचा, म्हणजे दगड भरडून केलेल्या वाळूचा पातळ थर होता. "काकू, एवढी राहू द्या. चालता-फिरता बसेल सांध्यात," असं ते म्हणाले. ते बरोबरच बोलत होते. पण किती दिवस राहू द्यायची आणि मग काढायची कशी, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

दोन दिवसांत ती वाळू चपलांबरोबर घरात आली. स्वयंपाकघरातल्या टाइल्सवर बारीक ओरखडे दिसले आणि मी सरळ नळाला पाइप लावून अंगण धुऊन काढलं. आपल्याकडची क्रश सँड काळ्या पाषाणाची असते आणि तिच्यात दगडाचं पीठही बरंच असतं. पाणी पडताच त्या पिठाची राड झाली, लाल ब्लॉकवर पसरली आणि उन्हाने तिथेच सुकली. उरलेली वाळू गटाराच्या जाळीत जाऊन बसली. सगळ्यात वाईट म्हणजे नळाजवळचे सांधे रिकामे झाले. आठवड्याभरात तिथून स्कूटर नेताना ब्लॉक खडखडायला लागले.

त्या खडखडाटानेच मला या वाळूचं काम समजलं. ब्लॉकमध्ये सिमेंटचा जोड नसतो. दोन ब्लॉकमधल्या साधारण दोन ते चार मिलिमीटरच्या फटीत वाळू गच्च बसते, तिच्या घर्षणामुळे एका ब्लॉकवरचं वजन शेजारच्या चार-सहा ब्लॉकवर वाटलं जातं. ती वाळू गेली की प्रत्येक ब्लॉक एकटा पडतो. मग तो डुलतो, कडा एकमेकींवर आपटतात आणि टवके उडतात. त्यामुळे साफसफाई करताना वरची वाळू काढायची आणि सांध्यातली जिवापाड जपायची. पुढचं सगळं एवढ्यासाठीच आहे.

आधी सांधे खरोखर भरलेत का ते पाहा. मी पातळ पोलादी फूटपट्टीचं टोक सांध्यात उभं दाबून पाहते. ते थोडंसं रुतून अडलं तर सांधा भरलेला आहे. सहज बोटभर आत गेलं तर वरून भरल्यासारखा दिसणारा सांधा आतून पोकळ आहे. तशा ठिकाणची वाळू अजून काढू नका, उलट तिथेच झाडून घाला आणि रबरी हातोड्याने ब्लॉकवर हलके ठोके द्या. वाळू खाली सरकते, मग पुन्हा भरायची. मोठं अंगण असेल तर मिस्त्रींना कंपन देणारं प्लेट मशीन परत एकदा फिरवायला सांगा. ब्लॉक रबर मोल्डचे, चकचकीत असतील तर मशीनखाली रबरी मॅट हवीच, नाहीतर वाळूचे कण दाबले जाऊन चकाकीवर चरे पडतात. माझ्या अनुभवात येण्या-जाण्याच्या अंगणात वाळू सांध्यात बसायला आठ-दहा दिवस पुरतात. तेवढे दिवस उंबऱ्याशी जाड काथ्याचं पायपुसणं ठेवा आणि अंगणातल्या चपला अंगणातच राहू द्या.

वाळू काढायची ती कोरडीच. थंडीत सकाळी दव असतं, दहापर्यंत वाळू ब्लॉकला चिकटून असते. मूठभर उचलून दाबून बघा. गोळा झाला तर थांबा, बोटांतून निसटली तर कामाला लागा. दुपारी बारा ते तीन ही वेळ मला सर्वांत बरी वाटते. ऊन लागतं, पण काम निम्म्या वेळात होतं.

झाडू कोणता, हे फार महत्त्वाचं. खराटा नको. त्याच्या ताठ काड्या सांध्यात शिरतात आणि वाळू उकरून काढतात. लांब दांड्याचा, मऊ नायलॉनचा रुंद ब्रश घ्या, तो नसेल तर केरसुणी. सांध्याच्या रेषेत झाडू नका, रेषेला तिरके झाडा. म्हणजे केसांना सांध्यात घुसायला वाट मिळत नाही आणि वरची वाळू एखादा सांधा भरायचा राहिला असेल तर त्यात पडत पुढे जाते. भिंतीकडून मोकळ्या बाजूला, हात दोन हात रुंदीचे पट्टे करत या. वाळू गटाराकडे लोटू नका. बोअरसाठी पावसाच्या पाण्याचा शोषखड्डा असेल तर त्या बाजूलाही नको, दगडाचं पीठ गाळणीच्या थरात एकदा बसलं की पाणी मुरणंच थांबतं. मी काम सुरू करण्याआधी जाळीवर जुनं गोणपाट दुहेरी घालून कडेने विटा ठेवते.

ढीग लहान लहान करा आणि पत्र्याच्या सुपलीने घमेल्यात भरा. फावडं वापरू नका, त्याची धार ब्लॉकच्या रंगीत थरावर ओरखडते. माझ्या अंगणातून नऊ घमेली निघाली, सिमेंटच्या जवळजवळ तीन गोण्या भरल्या. नाका-तोंडावर चांगला मास्क बांधा. हे दगडाचं पीठ छातीत जायला नको, आणि कोरडं झाडायचं म्हटल्यावर धूळ उडणारच. शेजाऱ्यांचे कपडे वाळत असतील तर आधी सांगून ठेवा.

पहिल्या हातात सगळं निघत नाही. ब्लॉकच्या तासलेल्या कडांपाशी बारीक रेघ राहते. केरसुणी अगदी हलक्या हाताने फिरवून ती काढा, इतकी की वाळूची पातळी त्या तासलेल्या कडेच्या तळाशी, म्हणजे ब्लॉकच्या पाठीपेक्षा (वरच्या सपाट बाजूपेक्षा) तीनेक मिलिमीटर खाली राहील. सांधा काठोकाठ ठेवला तर वाळू रोज पायांना लागते. पाने उडवायचा ब्लोअर चालतो, मात्र त्याचं तोंड जमिनीशी जवळजवळ आडवं धरून, कमी वेगावर. सांध्यावर उभा झोत मारू नका. व्हॅक्यूम क्लीनर आणि गाडी धुण्याचा प्रेशर पंप या दोघांना नवीन ब्लॉकपासून लांब ठेवा. सांधा रिकामा करायला त्यांना काही सेकंद पुरतात.

माझ्यासारखी राड आधीच सुकली असेल तर घाई करू नका. ती पूर्ण सुकू द्या. कपडे धुण्याच्या कडक ब्रशने ब्लॉकच्या पाठीवर कोरडंच घासा, पीठ सुटतं, ते झाडून घ्या. मग बादलीभर पाण्यात गोणपाट बुडवून, घट्ट पिळून, एकेक ब्लॉक पुसा. पाणी ओतायचं नाही. गोणपाट सारखं खळबळून घ्या आणि बादली बदला, गढूळ पाण्याने पुसलं तर तीच राड पुन्हा पसरते. मला 22 बाय 18 पैकी सुमारे पाव भाग असा पुसावा लागला. तीन दुपारी गेल्या, पण लाल रंग पहिल्यासारखा वर आला.

पांढरट डाग मात्र वेगळे, ते वाळूचे नसतात. सिमेंटमधला चुना ओलाव्याबरोबर वर येतो आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे त्याचा पांढरा थर बनतो. कोरड्या ब्रशने जेवढा जाईल तेवढा काढा, बाकीचा बहुतेक वेळा पाऊस-पाण्यात हळूहळू कमी होतो. हार्डवेअरच्या दुकानात यासाठी लगेच ॲसिडची बाटली पुढे करतात. माझा तिला ठाम विरोध आहे. ॲसिड डागाबरोबर ब्लॉकचं सिमेंटही खातं, पाठ खरखरीत होते, रंग फिका पडतो, आणि वाहून तुळशीच्या मुळाशी गेलं तर तुळस जाते. काही मिस्त्री सांध्याच्या वाळूत मूठभर सिमेंट मिसळतात, ते दिसलं तर तिथेच थांबवा. दवाने ते ब्लॉकवरच धरतं आणि मग झाडून निघत नाही.

माझी भाची न्यू जर्सीला असते. तिच्या मागच्या अंगणात पॉलिमेरिक सँड घातली आहे. ही वाळू पाणी मारल्यावर आतल्या बाइंडरमुळे घट्ट होते. तिथे तर नियम आणखी कडक. पाणी मारण्याआधी पाठीवरचा शेवटचा कणही ब्लोअरने उडवायचा, नाहीतर पांढुरकी साय धरते. धरलीच तर लवकरात लवकर गरम पाणी आणि ब्रश. तिने हे फोनवर सांगितलं तेव्हा वाटलं, पदार्थ वेगळा असला तरी आधी कोरडं झाडा हे तिथेही तेच आहे.

काढलेली वाळू टाकू नका. चाळणीतून पाला-काड्या काढून गोणीत भरा आणि जिन्याखाली कोरड्या जागी ठेवा. पहिल्या पावसाळ्यानंतर सांधे थोडे खाली बसतात, मुंग्याही कडेकडेने वाळू वर काढून ठेवतात. दिवाळीच्या आधी ऊन चांगलं पडलं की त्याच वाळूने, त्याच ब्रशने सांधे पुन्हा भरायचे असतात. मला या दिवाळीला पाऊण गोणी लागली, सगळ्यात जास्त नळाजवळ. गोणीवर खडूने 'ब्लॉकची वाळू' असं मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, म्हणजे घरातलं कुणी ती कुंड्यांत घालणार नाही.